नर्सची पायपीट वाचावी म्हणून फ्लोरेन्स नाईटिंगेलने १८५३ मध्येच दवाखान्यासाठी लिफ्ट मागितली होती

एप्रिल २०२०. करोनाची पहिली लाट जोरात होती. लंडनमधल्या एक्सेल या अवाढव्य प्रदर्शन केंद्रात लष्कराच्या मदतीने अवघ्या काही दिवसांत एक हॉस्पिटल उभं राहिलं. सुरुवातीला ५०० खाटा आणि वेळ पडली तर ४,००० पर्यंत वाढवायची तयारी. ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, सगळं जागेवर. नाव दिलं एनएचएस नाईटिंगेल.

पण पहिल्या लाटेत तिथं दाखल झालेल्या रुग्णांचा आकडा शंभरापर्यंतही गेला नाही. याचं एक कारण चांगलं होतं. शहरातल्या जुन्या हॉस्पिटलांनी आपापले आयसीयू वाढवून बराचसा भार पेलला. दुसरं कारण मात्र काळजीचं होतं. खाटा होत्या, पण आयसीयूचं काम येणाऱ्या नर्स पुरेशा नव्हत्या. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स, हा तिकडचा नेहमीचा निकष. प्रदर्शनाच्या हॉलचं हॉस्पिटल आठवड्याभरात होतं, पण आयसीयूची नर्स तयार व्हायला वर्षं लागतात.

आता ज्या बाईचं नाव त्या हॉस्पिटलला दिलं होतं, तिने आयुष्यभर हेच तर सांगितलं होतं.

शाळेच्या पुस्तकातली फ्लोरेन्स नाईटिंगेल आपल्याला चांगली आठवते. रात्रीची वेळ, हातात दिवा, जखमी सैनिकांच्या रांगेतून चाललेली एक शांत बाई. पण त्या चित्रात तिच्यासोबतच्या नर्स कुठेच दिसत नाहीत. त्या कुठे झोपायच्या, काय खायच्या, दिवसाला किती जिने चढायच्या, आजारी पडल्या तर त्यांना कोण बघायचं? हे प्रश्न मनावर घेणारी आणि उत्तरं शोधताना काही वेळा सपशेल चुकणारी फ्लोरेन्स फारशी कुणाला माहिती नसते. त्याच फ्लोरेन्सची ही गोष्ट.

श्रीमंत घरातली हट्टी पोरगी

फ्लोरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील लग्नानंतर युरोपच्या लांबलचक सफरीवर होते. मोठी मुलगी नेपल्समध्ये झाली म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थिनोपी. धाकटी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात झाली म्हणून ती फ्लोरेन्स.

घरात पैशाला तोटा नव्हता. डर्बीशायरमध्ये एक मोठं घर, हॅम्पशायरमध्ये दुसरं. वडील विल्यम यांनी दोन्ही पोरींना स्वतः लॅटिन, ग्रीक, इतिहास असं सगळं शिकवलं. त्या काळात हे फार कमी मुलींच्या वाट्याला यायचं. फ्लोरेन्सला आकड्यांचं वेड होतं. गणित शिकायचंय म्हणून तिने घरात हट्ट धरला, आईला मात्र ते मुलीच्या जातीला शोभणारं वाटत नव्हतं.

सोळाव्या वर्षी, १८३७ मध्ये, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलंय असं तिला वाटलं. ही सेवा नेमकी कसली हे ठरायला काही वर्षं गेली. १८४५ मध्ये तिने घरी सांगितलं की सॅलिसबरीच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन नर्सिंग शिकायचंय. घरात भूकंप झाला.

आईवडिलांचा विरोध आज आपल्याला जुनाट वाटेल, पण त्यामागे कारण होतं. त्या वेळी नर्स म्हणजे दुसरं कुठलंच काम न मिळालेली बाई, असा लोकांचा समज होता. चार्ल्स डिकन्सच्या मार्टिन चझलविट या कादंबरीतली दारुडी नर्स सेअरी गॅम्प त्याच सुमारास इंग्लंडमध्ये घराघरात पोचली होती.

फ्लोरेन्सने मात्र उलट्या बाजूने विचार केला. या बायका अशा का वागतात? काही हॉस्पिटलांमध्ये नर्सना वॉर्डाच्या दाराबाहेर, जिन्याजवळ ठोकलेल्या लाकडी खोकड्यात झोपावं लागायचं, अशी नोंद तिने स्वतः करून ठेवली आहे. ना नीट झोप, ना हवा, ना उजेड, पगार तुटपुंजा. अशा जागी कोणती बाई टिकणार आणि टिकली तर कशाच्या आधारावर? नर्सचं वागणं सुधारायचं असेल तर आधी तिचं राहणं सुधारायला हवं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढची काही वर्षं ती घरातच धुमसत राहिली. पहाटे उठून हॉस्पिटलांचे अहवाल वाचायचे, टिपणं काढायची आणि न्याहारीला घरच्यांसमोर काहीच घडलं नाही असं बसायचं. रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्ससारख्या नावाजलेल्या माणसाचं स्थळ तिने नाकारलं. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथल्या संस्थेत तीन महिने राहून तिने रुग्णसेवेचे धडे घेतले.

पहिली नोकरी आणि लिफ्टची मागणी

ऑगस्ट १८५३. फ्लोरेन्स तेव्हा ३३ वर्षांची होती. लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर हलाखीत सापडलेल्या सुशिक्षित बायकांसाठी एक छोटा दवाखाना होता. त्याची अधीक्षक म्हणून तिला काम मिळालं. पगार शून्य. वडिलांनी तिच्या खर्चासाठी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले.

ही संस्था नव्या जागेत जाणार होती. रुजू होण्याआधीच फ्लोरेन्सने कमिटीपुढे मागण्यांची यादी ठेवली. या यादीत प्रार्थनेची पुस्तकं किंवा पडद्यांचे रंग नव्हते. यादी अशी होती.

एक, गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर पोचलं पाहिजे.

दोन, रुग्णांचं जेवण खालच्या स्वयंपाकघरातून वर न्यायला लिफ्ट हवी. ही विजेवरची लिफ्ट नव्हे बरं का. विहिरीच्या रहाटासारखं चाक फिरवून वर ओढायची सोय.

तीन, रुग्णाने घंटा वाजवली की ती त्याच मजल्यावर नर्सच्या खोलीच्या दाराबाहेर वाजावी. कुणी बोलावलं हे दाखवणारी खूण तिथं उघडावी आणि नर्सने पाहीपर्यंत उघडीच राहावी.

कमिटीतल्या बड्या घरच्या बायकांना हे लाड वाटले असतील. फ्लोरेन्सचा हिशोब सोपा होता. ही सोय नसेल तर नर्सचा अख्खा दिवस जिने चढण्याउतरण्यात जातो. तिचे डोळे, हात आणि डोकं रुग्णाजवळ असायला हवेत, पण कामाला येतात ते तिचे फक्त पाय. पाणी, जेवण आणि घंटा यांची नीट सोय लावली की तीच नर्स, तेवढ्याच पगारात, रुग्णाशेजारी कितीतरी जास्त वेळ थांबू शकते.

आजच्या आयसीयूत प्रत्येक खाटेवरच्या मॉनिटरची माहिती मधल्या टेबलावर दिसते. कोणत्या खाटेचा अलार्म वाजला हे नर्सला उठून शोधत फिरावं लागत नाही. त्या घंटेमागचा विचारही हाच होता.

स्कुटारी: ३८ बायका आणि मोजक्या खोल्या

१८५४ मध्ये ब्रिटन क्रायमियाच्या युद्धात उतरलं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल द टाइम्समध्ये छापून आले आणि लंडनमध्ये गहजब झाला. मंत्रिमंडळातला सिडनी हर्बर्ट हा फ्लोरेन्सचा जुना मित्र होता. त्याने तिला नर्सची तुकडी घेऊन जायची विनंती केली. योगायोग बघा, तिनेही तिकडे जाण्यासाठी पत्र लिहिलंच होतं. दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली.

२१ ऑक्टोबरला ती निघाली. सोबत ३८ नर्स. त्यात कॅथलिक नन होत्या, अँग्लिकन सिस्टर होत्या आणि हॉस्पिटलांमध्ये पगारावर काम केलेल्या साध्या बायकाही. ४ नोव्हेंबरला तुकडी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीत पोचली. आज त्या भागाला उस्कुदार म्हणतात.

तिथल्या प्रचंड बराक हॉस्पिटलमध्ये या सगळ्या बायकांना मिळाल्या मोजक्या खोल्या. उंदीर, घाण, पाण्याची टंचाई. त्यात लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. इथं फ्लोरेन्सने एक अवघड निर्णय घेतला. डॉक्टर बोलावत नाहीत तोपर्यंत एकही नर्स रुग्णाला हात लावणार नाही. समोर माणसं कण्हत असताना नर्स पट्ट्या शिवत बसल्या. काही जणी चिडल्या, काही रडल्या. पण काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतले जखमी लोंढ्याने येऊ लागले आणि डॉक्टरांनी स्वतःहून हाक मारली. आल्याआल्या भांडली असती तर तुकडी परत पाठवली गेली असती.

पुढे तिने जे केलं त्याला आज आपण मॅनेजमेंट म्हणू. शेजारचं एक घर भाड्याने घेतलं, तिथं पाणी तापवायची भांडी बसवली आणि सैनिकांच्या बायकांना कपडे धुवायच्या कामाला लावलं. लष्कराच्या कोठारातून जे मिळत नव्हतं ते द टाइम्सने जमवलेल्या निधीतून बाजारातून आणलं. सदरे, ब्रश, चमचे, टेबलं. नर्ससाठी कडक नियम केले. त्यातला एक होता, रात्री साधारण आठनंतर नर्सने वॉर्डात थांबायचं नाही.

हजारो पुरुषांच्या छावणीत मूठभर बायका. एका अफवेने सगळा प्रयोग कोलमडला असता, म्हणून हा नियम. रात्रीच्या फेरीला फ्लोरेन्स स्वतः जायची. म्हणजे ज्या दिव्यामुळे ती जगभर गाजली, तो तिच्या हातात असायचा त्या वेळी बाकीच्या नर्सना वॉर्डात थांबायची मुभा नव्हती. चित्रकारांनी पुढे तिच्या हातात अल्लाउद्दीनसारखा ग्रीक दिवा काढला. खरा दिवा होता घडी घालता येणारा तुर्की कंदील.

तिचं नेतृत्व मवाळ नव्हतं. दारू प्यायलेल्या नर्सना तिने परत पाठवलं. डिसेंबरमध्ये तिला न विचारता चाळीसहून जास्त बायकांची दुसरी तुकडी येऊन धडकली, तेव्हा ती संतापली आणि त्यांना ठेवून घ्यायला तयार होईना. यात तिचा अहंकार होताच. पण त्यांच्यासाठी खोल्या नव्हत्या, काम ठरलेलं नव्हतं, डॉक्टरांची संमतीही नव्हती. माणसं वाढवली की काम आपोआप वाढतं असं तिला वाटत नव्हतं. आधी त्यांची राहायची सोय, मग माणसं, हा तिचा क्रम होता.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फ्लोरेन्स पोचली आणि मृत्यू थांबले असं झालं नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथल्या हॉस्पिटलांत दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ मृत्यू होत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग आला. त्यांना पाण्याच्या वाटेत मेलेलं घोडं सापडलं, इमारतीखाली तुंबलेली गटारं सापडली. ती साफ झाली, खेळती हवा आली आणि जूनपर्यंत हाच आकडा २ च्या आसपास उतरला.

युद्ध संपल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञासोबत तिने हे सगळे आकडे पिंजून काढले. बहुतेक सैनिक जखमांनी मेले नव्हते, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. तिने ते रंगीत, पाकळ्यांसारख्या आकृत्यांमध्ये मांडले, म्हणजे आकड्यांना कंटाळणाऱ्या मंत्र्यांनाही एका नजरेत कळावं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीवर निवडून आलेली ती पहिली बाई. माया आणि कष्ट घाणीला हरवू शकत नाहीत, व्यवस्थाच बदलावी लागते, हा स्कुटारीचा धडा तिने पुढे कधीच सोडला नाही.

स्वतःला मात्र सूट दिली नाही

मे १८५५ मध्ये बालाक्लावाला गेली असताना फ्लोरेन्स तापाने कोसळली. वाचेल की नाही अशी परिस्थिती होती. बरी झाली आणि लगेच कामाला लागली. ऑगस्ट १८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली तेव्हा देश तिच्या स्वागताच्या तयारीत होता. तिने मिस स्मिथ हे नाव घेऊन गुपचूप प्रवास केला.

तो ताप तिला शेवटपर्यंत पुरता सोडून गेला नाही. १८५७ पासून अनेक वर्षं ती बहुतांश वेळ अंथरुणावर किंवा सोफ्यावर होती. कित्येक दिवस माणसांना भेटायची ताकद नसायची. काही जणांना हे ढोंग वाटायचं. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात तिची लक्षणं दीर्घकाळ टिकणाऱ्या ब्रुसेलोसिसशी जुळतात असं मांडलं गेलं. हा संसर्ग जनावरांच्या कच्च्या दुधातूनही होतो.

अंथरुणावरून ती काम करतच राहिली आणि इतरांकडूनही तेवढंच मागत राहिली. इथं तिच्या गोष्टीतलं सगळ्यात दुखरं पान येतं.

सिडनी हर्बर्ट तिच्या सांगण्यावरून लष्करी आरोग्यातल्या सुधारणा पुढे रेटत होता. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. आपल्याला काम कमी करावं लागेल असं त्याने तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. सुधारणा अर्धवट राहतील म्हणून ती त्याला टोचत राहिली. २ ऑगस्ट १८६१ ला हर्बर्ट वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्थर क्लो गेला. हा कवी, तिच्या नात्यातल्या घरातला जावई, तिची पत्रं, छपाई आणि निधीचं काम बघता बघता खंगला होता. तो वारला फ्लोरेन्स शहरात, म्हणजे ज्या शहराचं नाव तिला मिळालं होतं तिथंच.

रुग्णाशेजारच्या नर्सला विश्रांती हवी, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. आपल्या शेजारी काम करणाऱ्या माणसालाही ती हवी, हे कळायला उशीर झाला. दोघांच्या जाण्याने ती मोडून पडली. पुढच्या आयुष्यात ती तिच्या नर्सच्या तब्येतीची जी चौकशी करत राहिली, ती वाचताना १८६१ हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

शाळा: प्रत्येकीला स्वतःची खोली

युद्धाच्या काळात लोकांनी तिच्या नावाने निधी जमवला होता, सुमारे ४५ हजार पौंड. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या.

या शाळेचा सगळ्यात क्रांतिकारी भाग अभ्यासक्रमात नव्हता, तो राहण्याच्या सोयीत होता. शिकणाऱ्या प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली. जेवण, गणवेश, धुलाई शाळेकडून. वर वर्षाला १० पौंड हातखर्चाला. वॉर्डाबाहेरच्या खोकड्यात झोपणारी नर्स आणि दार लावून घेता येईल अशी खोली असलेली नर्स, यात किती अंतर आहे हे नाईट ड्युटी करून दुपारी झोपायचा प्रयत्न करणाऱ्या कुणालाही विचारा.

शिस्त मात्र लष्करी होती. बाहेर जायचं तर दोघींनी मिळून. दर महिन्याला वागणुकीचा तक्ता भरला जायचा. आजच्या मुलींना ते तुरुंगासारखं वाटेल.

त्याच सुमारास तिचं नोट्स ऑन नर्सिंग हे छोटं पुस्तक आलं. त्यात किरकोळ व्यवस्थापन अशा अर्थाच्या नावाचं एक प्रकरण आहे. नाव किरकोळ असलं तरी तिच्या नेतृत्वाचा सगळा विचार त्यातच आहे. प्रमुख व्यक्ती हजर असताना जे होतं ते ती नसतानाही झालं पाहिजे. त्यासाठी कोणतं काम कुणी करायचं, तिच्याऐवजी कोण, हे आधी ठरलेलं असायला हवं. माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही, असं अभिमानाने सांगणारा प्रमुख तिच्या मते नापास होता.

अ‍ॅग्नेस जोन्सचं काय झालं?

पण हा विचार पाळणं किती अवघड होतं, ते लिव्हरपूलमध्ये दिसलं.

१८६५ मध्ये तिथल्या उद्योगपती विल्यम रॅथबोनने पैसे दिले आणि गरिबांसाठीच्या वर्कहाउस हॉस्पिटलमध्ये नाईटिंगेल शाळेच्या १२ नर्स गेल्या. प्रमुख होती अ‍ॅग्नेस जोन्स. आयरिश घरातली, देवभोळी, कामाला वाघ. समोर हजाराहून जास्त रुग्ण. मदतीला होत्या वर्कहाउसमध्येच राहणाऱ्या गरीब बायका, ज्यांना धड शिक्षण नव्हतं आणि ज्यांच्यातल्या अनेकींना दारूचं व्यसन होतं.

अ‍ॅग्नेसने ते हॉस्पिटल अक्षरशः वळणावर आणलं. पण प्रत्येक गोष्ट ती स्वतः बघायची. १९ फेब्रुवारी १८६८ ला, वयाच्या ३५ व्या वर्षी, टायफसने ती गेली. आणि तिच्या तोडीची दुसरी बाई पटकन सापडेना.

फ्लोरेन्सने तिच्यावर लेख लिहून तरुण मुलींना या कामात यायचं आवाहन केलं. लेखात गौरव होता, दुःख होतं. पण पुढची काही वर्षं ती काय करत होती हे पाहिलं तर कळतं की हा मृत्यू तिने नुसता गौरवून सोडून दिला नाही.

१८७२ पासून तिने शाळेत पुन्हा लक्ष घातलं. शिकणाऱ्या मुलींना ती एकेक करून लंडनच्या साउथ स्ट्रीटवरच्या घरी बोलवायची. चहा, गप्पा आणि मुलगी गेल्यावर तिच्याबद्दल टिपण. कुणाला कोणता वॉर्ड झेपेल, कुणाची तब्येत नाजूक, कुणाला थोडा आधार दिला तर ती उद्याची मेट्रन होईल. त्याच वर्षापासून शाळेतल्या नर्सना उद्देशून ती पत्रं लिहू लागली, ती १९०० पर्यंत चालू राहिली. शाळेतून बाहेर पडलेली नर्स नव्या गावी प्रमुख म्हणून रुजू झाली की तिच्या खोलीत फ्लोरेन्सने पाठवलेली फुलं असायची. थकलेल्या मेट्रनला ती अंडी, फळं पाठवायची, शनिवार-रविवार आपल्या घरी येऊन झोप काढायला सांगायची.

घरोघरी जाऊन गरिबांना सेवा देणाऱ्या नर्सबद्दल १८७६ मध्ये तिने द टाइम्सला मोठं पत्र लिहिलं. त्यात तिचा मुख्य मुद्दा असा की दिवसभर दुसऱ्यांची आजारपणं काढून आलेल्या बाईला संध्याकाळी रिकाम्या खोलीत येऊन स्वतःच चूल पेटवावी लागत असेल तर ती फार दिवस टिकणार नाही. तिला घर हवं. गरम जेवण आणि दिवसभराचं बोलायला सोबतीच्या नर्स हव्यात. आज ज्याला बर्नआउट म्हणतात, तो शब्द यायच्या कितीतरी आधीचं हे पत्र आहे.

आयसीयू आणि फ्लोरेन्स

आयसीयू फ्लोरेन्सने शोधला, असं बऱ्याच पोस्टमध्ये लिहिलेलं असतं. ते जरा ताणलेलं आहे. आज आपण ओळखतो तो आयसीयू सुरू झाला कोपनहेगनमध्ये. १९५२ ला तिथं पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांना शेकडो मेडिकल विद्यार्थ्यांनी पाळी लावून, हाताने पिशवी दाबून दिवसरात्र श्वास दिला. त्या अनुभवातून भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेनने पुढच्याच वर्षी वेगळा विभाग उभा केला.

पण त्यामागचे दोन विचार तिच्या नोट्स ऑन हॉस्पिटल्स या पुस्तकात सापडतात. ऑपरेशन झालेल्या रुग्णाला सावरेपर्यंत शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून असलेल्या छोट्या खोलीत ठेवायची काही लहान हॉस्पिटलांतली पद्धत तिने नोंदवली. आणि वॉर्ड असा बांधायचा की प्रमुख सिस्टरला आपल्या खोलीच्या खिडकीतून सगळ्या खाटा दिसाव्यात, हा तिचा आग्रह होता. किती खाटांवर एका सिस्टरची नजर राहू शकते याचा तिने हिशोब मांडला. इमारतीचा नकाशा काढतानाच नर्सच्या श्रमाचा विचार करायचा, हे त्यातून पुढे आलं.

भारतात न येता भारताचं काम

भारतात ती कधीच आली नाही, पण चाळीसएक वर्षं तिचं लक्ष इकडे होतं. १८५९ मध्ये भारतातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करायला आयोग नेमला गेला. तिने देशभरातल्या छावण्यांना प्रश्नावली पाठवायला लावली आणि आलेली उत्तरं अंथरुणावर बसून चाळली. भारतातल्या ब्रिटिश सैनिकांत वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू होत होते, असं त्यातून समोर आलं. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर या कामात तिचा मोठा पाठीराखा होता. पुढे मुंबईचे सुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली. खेड्यातलं पाणी, दुष्काळ, शेतकऱ्याचं कर्ज, यावर ती लिहीत राहिली.

एका ठिकाणी मात्र ती इतिहासाच्या उलट्या बाजूला उभी होती. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने नर्सच्या सरकारी नोंदणीची मागणी सुरू झाली. डॉक्टरांसारखी परीक्षा, यादी, कायदेशीर ओळख. फ्लोरेन्सने कडाडून विरोध केला. परीक्षेने माणूस पारखता येत नाही, एकदा नाव नोंदलं की शिकणं थांबेल, असं तिचं म्हणणं. पण नोंदणी नसलेल्या नर्सला हक्क मागायलाही आधार नव्हता. ब्रिटनमध्ये हा कायदा झाला १९१९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

१९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली बाई. तोवर तिची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० ला नव्वदाव्या वर्षी ती झोपेतच गेली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन करण्याचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावात तिची कबर आहे. दगडावर पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची नोंद.

मग आज काय?

तिचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही हॉस्पिटलांमध्ये त्या दिवशी मेणबत्त्या लागतात, शपथ होते, गुलाबाचं फूल मिळतं. करोनात तर आपण थाळ्याही वाजवल्या.

यात वाईट काही नाही. पण फ्लोरेन्सने कमिटीला लिहिलेल्या त्या पहिल्या यादीत कौतुकाचा एक शब्द नव्हता. त्यात नळ होता, लिफ्ट होती, घंटा होती. नर्सवर खरंच माया असेल तर ती ड्युटीच्या तक्त्यात, खोलीच्या चावीत आणि वेळेवर मिळणाऱ्या जेवणात दिसली पाहिजे, हे तिचं म्हणणं. आणि ही सोय लावणं हे प्रमुखाचं काम आहे, उपकार नव्हे.

उद्या कुणी जवळचं माणूस आयसीयूत असेल आणि काचेपलीकडे सिस्टर धावताना दिसल्या, तर मशीन किती आहेत हे आपण मोजतोच. या पाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, रात्रभर उभी असलेली ती सकाळी कुठे जाऊन झोपणार आहे आणि तिने शेवटचं कधी खाल्लं, हेही विचारायला हवं. तेही सिस्टरला नको, हॉस्पिटल चालवणाऱ्यांना विचारायला हवं.